पूल बंद ठेवा, पण रिकामा करू नका

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही घरामागच्या स्विमिंग पूलचं कव्हर काढतो. न्यू जर्सीत उन्हाळा सुरू झाल्याची आमची खूण तीच. यंदा नेमका त्याच सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या सोसायटीत पाण्याचे टँकर सुरू झालेत आणि पूल बंद करून रिकामा करावा असा ठराव येतोय. "ताई, आमच्याकडे अख्ख्या सोसायटीत एक पूल, तरी एवढी भांडणं. तुमच्याकडे एका घराला एक. तुला कुणी काही बोलत नाही?"

कुणी बोलत नाही, हे खरं. त्याचा प्रश्न मात्र मला लागला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते. ज्यांच्या माणसांनी ते दिवस काढलेत, त्यांना पूल डोळ्यांत खुपणारच. खुपायलाच हवा.

पण 'बंद' या शब्दाशी मी अडले. आम्हीही पूल बंद ठेवतो, तोही वर्षातले आठ महिने. फक्त पाण्यासकट. हिवाळ्याआधी पाणी वीतभर उतरवायचं, पाइपांतलं पाणी काढून तोंडांना बुचं लावायची आणि वर कव्हर ताणायचं. पूर्ण रिकामा करायचा नाही, कारण जमिनीखालचं पाणी चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते.

त्यामुळे मे महिन्यात कव्हर निघतं तेव्हा खाली गेल्या वर्षीचंच पाणी असतं. आधी कव्हरवर साचलेलं, कुजक्या पानांनी काळं झालेलं पाणी छोट्या पंपाने काढते. मग दोघांनी दोन कोपरे धरून ते हळूहळू ओढायचं. घाई केली की तो सगळा गाळ पूलमध्ये. बुचं काढून पाणी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या झरोक्याच्या, अर्ध्या तोंडापर्यंत चढवलं की पंप सुरू करते आणि फिल्टरच्या काट्यावरचा दाब लिहून ठेवते. पुढे तो 8-10 पीएसआयने चढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं; त्याआधी नाही. दर वेळी शेकडो लिटर पाणी जातं त्यात. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, 7.2 ते 7.8 मध्ये आणल्याशिवाय क्लोरीनला हात लावत नाही, कारण पीएच चढलेला असला की क्लोरीन नीट कामच करत नाही. क्लोरीन टाकायचं संध्याकाळी, उन्हात ते उडून जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोल बाजूच्या तळाची जाळी स्वच्छ दिसली, तरच मुलांना पाण्यात उतरू देते. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल काठावरून दिसत नाही.

आमचा पूल 16 बाय 32 फूट, सरासरी 5 फूट खोल. म्हणजे सुमारे 72,000 लिटर, दहा हजारी टँकर धरला तर सात टँकर. एवढं पाणी मी दर वर्षी नव्याने भरत असते, तर भावाला उत्तर द्यायला मला तोंडच नसतं. बाष्पीभवनात रोज अर्धा सेंटिमीटर पाणी उतरलं तर अडीचशे लिटरच्या आसपास जातं. रात्री कव्हर घातलं की तेही बरंच वाचतं.

भावाच्या सोसायटीत मी दोनदा पाहिलंय: पूल साफ करणारा मुलगा उघड्या हातांनी, अंदाजाने पावडर फेकत होता. ना मोजमाप, ना हातमोजे. क्लोरीनमध्ये पाणी ओतायचं नसतं आणि दोन प्रकारची क्लोरीन एकत्र करायची नसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग पाणी हिरवं होतं, कमिटी वैतागते आणि सगळं गटारात सोडून पुन्हा भरलं जातं. खरी नासाडी तिथे होते. ठरावाप्रमाणे आत्ता रिकामा केला, तर पावसाळ्यानंतर अख्खा पूल पुन्हा भरावा लागेल, आणि तोवर तळाशी साचलेल्या थोड्याशा पाण्यात डास होतील.

माझं मत भावाला स्पष्ट सांगितलं. टँकर येताहेत तोवर नवा थेंबही पूलमध्ये घालू नका, पोहणं बंद ठेवा, माझी काहीच हरकत नाही. पण आहे ते पाणी झाकून, क्लोरीन राखून सांभाळा. आणि आधी गळती बघा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करायची, पंप बंद ठेवायचा आणि 24 तासांनी बघायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते उन्हाने, बाहेरचं जास्त उतरलं तर गळती.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. बादलीत अर्धा सेंटिमीटर, पूलमध्ये तीन. रोज वरचं अडीच सेंटिमीटर पाणी जमिनीत मुरत होतं आणि ते भरून काढायला एरवी पाइप चालूच असायचा. रविवारच्या सभेत ठरावाच्या आधी तो हा फोटो दाखवणार आहे.