जमीन खोल गेली

मराठवाड्यात पाणी खोल जातं, हे लहान लेकरालाही ठाऊक आहे. माझी मात्र गेल्या चार वर्षांत अख्खी जमीनच खोल गेली. चमचा खाली पडला की मी आधी आजूबाजूला बघते. कुणी असलं तर ‘बघ गं, चमचा पडलाय’ म्हणते. नसलं तर पायानं सोफ्याखाली सारते. मागच्या दिवाळीच्या झाडझुडीत सोफ्याखालून अकरा चमचे, दोन पेनं आणि माझ्याच गुडघेदुखीच्या गोळ्यांची एक कोरी पट्टी निघाली.

आपलं सगळं जगणं जमिनीलगतचं. शेंगा फोडायच्या खाली बसून, भजन खाली बसून, मयतीला गेलं तरी खालीच. तिथं मला खुर्ची देतात आणि सगळ्या बायांच्या डोक्यावरून मी एकटीच दिसते. रडायचं राहतं बाजूला, लोक माझ्याच गुडघ्याची चौकशी करतात. औंढ्याला गेलो तेव्हा नागनाथ तळघरात. अरुंद दगडी पायऱ्या उतरून, अंग चोरून आत जायचं. मी वरूनच हात जोडले. देवालासुद्धा जमिनीखालीच राहायचं सुचावं?

शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी उभं करून एक्सरे काढला आणि म्हणाले, ‘ग्रेड फोर.’ जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं मी बहुतेक चौथीचाच वर्ग सांभाळला. आता गुडघाही चौथीत. ‘पुढं पाचवी?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘पाचवी नसते, बाई.’

परभणीत आल्या-आल्या बातमी फुटली की बाईंची वाटी बदलायची. डॉक्टरांनी मॉडेल हातात देऊन समजावलं होतं, तेच मी आल्यागेल्याला सांगत बसले. गुडघा कापून फेकत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर तासून वर धातूची टोपी बसवतात, दाताला कॅप बसवतात तशी. मध्ये प्लास्टिकची गादी. वाटी बहुधा जागच्या जागी राहते. सगळं ऐकून घेऊन शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘म्हणजे वाटी स्टीलची का पितळंची?’

आमच्या ह्यांचा अभ्यास वेगळा. २०१७ च्या ऑगस्टात सरकारनं या सांध्यांच्या किमतीला लगाम घातला आणि कोबाल्ट-क्रोम धातूचा गुडघ्याचा संच तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला, ते कात्रण त्यांनी लाइट बिलांच्या फाइलीत जपून ठेवलेलं. दवाखान्याच्या काउंटरवर त्यांनी ते ऐटीत उलगडलं. पोरगी नम्रपणे म्हणाली, ‘काका, हा सांध्याचा भाव. बसवायचा वेगळा.’

तयारीला सहा आठवडे दिले होते. रोज गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मांडीचे स्नायू आधी तयार असले की नंतर चालणं सोपं जातं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हा नियम डॉक्टरांचा, पण वसमत रोडवर तो कुणालाच मान्य नाही. भाजीवाला, रिक्षावाला, माझाच एक जुना विद्यार्थी, प्रत्येक जण थांबून सांगतो, ‘बाई, काठी उलट्या हातात धरायलात!’ शाळेत ज्याला डावं-उजवं शिकवताना माझा घसा बसला, तोच हा.

सुनेनं कमोडची खुर्ची आधीच आणून व्हरांड्यात ठेवली. ऑपरेशननंतर उकिडवं बसायचं नाही, म्हणून. झाकण लावलं की दिसते मात्र रुबाबदार. दुसऱ्याच दिवशी ह्यांचे एक निवृत्त तलाठी मित्र आले, नेमके तिच्यावर बसले, दोन कप चहा घेतला आणि जाताना हात फिरवून म्हणाले, ‘बैठक झकास आहे. कुठून घेतली?’ ह्यांनी पत्ता लिहून दिला.

मग तपासण्या. रक्त, लघवी, छातीचा कार्डिओग्राम, टू-डी इको. त्यात डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. किडका दात असला तर तिथला जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतो म्हणे. म्हणून सकाळच्या गाडीनं गुडघ्यासाठी गेलेली मी संध्याकाळी दाढ काढून परत आले. स्टेशनवर घ्यायला आलेल्या मुलानं विचारलं, ‘काय झालं?’ तोंडात कापूस. मी गालाकडे बोट केलं, तो गुडघ्याकडे बघत राहिला.

दाढही परवडली, असं करणाऱ्या आमच्या जाऊबाई. रुईची पानं, निर्गुडीचा शेक यांवर भागलं नाही म्हणून जिंतूरहून डबा भरून डिंकाचे लाडू घेऊन आल्या. डिंक, खारीक, खोबरं, वर तुपाची धार. ‘हाडं भरून येतेत. अन् गुळाचे हायेत, साखरंचा कण नाही,’ हे त्यांनी असं सांगितलं की मला मधुमेह आहे याचीच मला लाज वाटली. एक किलो वजन घटलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो, असं डॉक्टर म्हणाले होते. लाडवाला तोच हिशेब उलटा लागतो, हे मी मुद्दामच मोजलं नाही. सकाळी एक, व्यायामानंतर एक.

उपाशीपोटीची साखर आदल्या दिवशी लंघन करून पटवता येते. पण ती तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी असते ना, ती अस्सल चुगलखोर. आकडा आला ९.१. ‘आठच्या आत आणा, मग तारीख देतो. नाहीतर जखम भरत नाही,’ डॉक्टरांनी फोन ठेवला. बांधलेली बॅग सुनेनं सोडली आणि तडक लाडवांच्या डब्याकडे मोर्चा वळवला.

तिच्या हातात डबा जायच्या आत मी एक उचलला होता. गडबडीत तो निसटला आणि गडगडत माझ्या पायाशी थांबला. ती स्वयंपाकघरातून ओरडली, ‘आई, डब्यात नऊ होते, आठच कसे?’

मी उजवा पाय वीतभर उचलला आणि लाडू अलगद सोफ्याखाली सारला. गुडघा अजिबात दुखला नाही. टॉवेलच्या व्यायामानं फरक पडायलाय.