ड्रेस्डेनच्या मृतांपुढे वाढवलेलं शून्य

भाच्याने अकरावीच्या इतिहास प्रकल्पात एक फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवलाय. त्यात म्हटलंय: १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात अडीच लाख माणसं जाळली, हिरोशिमाहून जास्त. शहरात कलेशिवाय काही नव्हतं. पळणाऱ्यांवर विमानं खाली येऊन गोळ्या झाडत होती. दर फेब्रुवारीत हे फिरतं. आता पोरांच्या वह्यांतही आलं, म्हणून लिहितोय.

आधी आकडा. मार्च १९४५ मध्ये तिथल्या पोलिसांच्या ४७ क्रमांकाच्या दैनिक आदेशात मृत २०,२०४ होते आणि एकूण २५,००० होतील असा अंदाज होता. फिरवलेल्या प्रतीत त्याचे २,०२,०४० आणि २,५०,००० झाले. आल्टमार्क्ट चौकात रचून जाळलेली प्रेतं ६,८६५. बनावट प्रतीत ६८,६५०. दरवेळी नुसतं एक शून्य वाढवलंय! हे मोजणारे नाझी पोलीस होते, त्यांना आकडा लपवून काय मिळणार होतं? पुढे ड्रेस्डेन शहरानेच इतिहासकारांचा आयोग नेमला. त्यांनी दफनाच्या आणि मृत्यूच्या नोंदी वर्षानुवर्षं चाळल्या आणि २०१० मध्ये सांगितलं: जास्तीत जास्त २५,०००. हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार गेले, तेव्हा ती तुलनाही निकालात निघते. खाली येऊन गोळ्या झाडल्याचा पुरावाही या आयोगाला मिळाला नाही.

‘फक्त कलेचं शहर’? त्साइस इकॉन या कॅमेरा कंपनीच्या कारखान्यात ज्यूंना वेठीला धरून युद्धसामग्री बनवून घेतली जात होती. पूर्व आघाडीकडे जाणारं सैन्य याच रेल्वे जंक्शनवरून जायचं. आणि त्याच १३ तारखेला व्हिक्टर क्लेम्पेरर या ज्यू प्राध्यापकांनाच उरल्यासुरल्या ज्यूंच्या घरी हद्दपारीच्या नोटिसा वाटायला लावलं होतं. रात्रीच्या गोंधळात ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा अंगरख्यावरचा पिवळा तारा काढून ते निसटले, म्हणून वाचले.

एक मात्र मान्य करावं लागेल. बॉम्बचा रोख दाट वस्तीच्या जुन्या शहरावर होता, आगीच्या वादळात बायकामुलं तळघरांत गुदमरून मेली, आणि खुद्द चर्चिलने मार्चअखेरीस या हल्ल्यावर प्रश्न उपस्थित केला. पंचवीस हजार माणसं काय थोडी झाली? त्यांना दहाने गुणायची गरज कोणाला पडते, तेही पाहा. २००५ मध्ये ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीच्या विधानसभेत नवनाझी एनपीडी पक्षाने या हल्ल्याला ‘बॉम्ब-होलोकॉस्ट’ म्हटलं. ज्यूंच्या संहारासमोर ठेवायला त्यांना हा फुगवलेला आकडा लागतो, आणि आपली पोरं तो प्रकल्पात लिहून गुण मिळवतायत.