‘घरच्यांना विचारा’ म्हणे!

मोठ्या मामांनी रविवारी सकाळी ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड मी नेहमीसारखा न वाचताच सोडणार होतो. पण पुण्यात जर्मन शिकणारी माझी भाची तो क्लासमध्ये बोलून दाखवणार आहे असं कळलं, आणि लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातला साधा जर्मन सैनिक निष्कलंक होता, पापं सगळी एसएसची, म्हणजे हिटलरच्या पक्षाच्या सशस्त्र दलाची. नकार दिला असता तर जागीच गोळी. जर्मनीत सैनिकांना बदनाम करणारं फोटोंचं प्रदर्शन बोगस ठरून बंद पडलं. खरं काय ते त्यांच्या घरच्यांना विचारा. आणि शेवटी, ‘ते इंग्रजांशी लढले, म्हणजे आपलेच.’

एसएसचं आधी उरकतो. सोव्हिएत रशियाच्या लाल सैन्याचे सुमारे ५७ लाख सैनिक जर्मनांच्या कैदेत पडले, त्यांतले ३३ लाखांच्या आसपास मेले. उपासमारीने, थंडीने, रोगाने, गोळ्यांनी. हे कैदी मुख्यतः लष्कराच्या ताब्यात होते. पकडलेल्या सोव्हिएत राजकीय अधिकाऱ्यांना ठार करा, हा जून १९४१ चा लेखी हुकूमही लष्कराच्याच वरिष्ठ मुख्यालयातून निघाला. मग ‘निष्कलंक सैनिक’ आला कुठून? ऑक्टोबर १९५० मध्ये हिमेरोडच्या मठात माजी जर्मन अधिकारी जमले. पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य हवं होतं. यांनी अट घातली, आधी आमची अब्रू परत द्या. जानेवारी १९५१ मध्ये खुद्द आयझेनहॉवरने, महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढलेल्या अमेरिकन सेनापतीने, तसं प्रशस्तिपत्र दिलं. रशियाविरुद्ध माणसं हवी होती, दुसरं काय!

आता ती गोळी. हा मुद्दा मला सगळ्यात चीड आणतो, कारण तो एकदा मानला की कुणालाच जाब विचारायला नको. ऑक्टोबर १९४१, बेलारूस. पायदळाच्या ६९१ व्या रेजिमेंटमधल्या एका बटालियनच्या प्रमुखाने आपल्या तीन कंपन्यांना हुकूम दिला: तुमच्या हद्दीतले ज्यू मारा. बायका-मुलांसकट. एका कंपनीप्रमुखाने लगेच मारले. दुसरा, नोल, कचरला, त्याने लेखी हुकूम मागवला, तो आल्यावर क्रुखा गावातले ज्यू मारवले. तिसऱ्याने, योझेफ झिबिलेने, साफ नकार दिला. त्याचं काय झालं? काही नाही. उलट १९५४ मध्ये डार्मस्टाटच्या कोर्टात उभा राहिला तो नोल. हुकूम एकच, बटालियन एकच, आणि तीन माणसं तीन तऱ्हेने वागली. नाझी गुन्ह्यांचा तपास करणारं कार्यालय १९५८ पासून लुडविग्सबुर्गमध्ये आहे. पण निःशस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून जिवाला मुकलेला माणूस या गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपींच्या वकिलांनाही कधी दाखवता आला नाही.

बरं, अर्धं खरं आहे तेवढं कबूल करतो. पळून जाणाऱ्याला गोळी होतीच. जर्मन लष्करी न्यायालयांनी आपल्याच हजारो सैनिकांना देहदंड दिला. १५ हजारांहून अधिक, असा अंदाज आहे. पण मामा, त्या पळालेल्यांना घरी काय मिळालं? ‘गद्दार’ हा शिक्का. लुडविग बाउमान हा फ्रान्समधल्या बोर्डोहून पळालेला जर्मन नौदलाचा खलाशी तो शिक्का पुसायला आयुष्यभर भांडला, आणि जर्मन संसदेने सरसकट शिक्षा रद्द केल्या त्या २००२ मध्ये.

प्रदर्शनाचंही तसंच. १९९५ साली हाम्बुर्गमधून निघालेलं हे प्रदर्शन १९९९ मध्ये मागे घेतलं, हे खरं. इतिहासकारांच्या समितीने १४०० हून अधिक फोटो तपासले. चुकीचे निघाले वीसहून कमी, आणि लष्करही या गुन्ह्यांत सामील होतं, हे मूळ म्हणणं बरोबर ठरलं. २००१ मध्ये ते नव्याने उघडलं. फॉरवर्डमध्ये हे वाक्य कसं बरं गळालं?

राहिले घरचे. हाराल्ड वेल्त्सर हा जर्मन समाजमानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं, घरच्यांनाच विचारलं. ४० कुटुंबं, आजोबा-आजीपासून नातवंडांपर्यंत १४२ मुलाखती, निष्कर्ष २००२ चे. एका आजीने सांगितलं की युद्धानंतर बेर्गेन-बेल्सन या नाझी छळछावणीतून सुटलेल्यांना घरात घ्यायची सक्ती झाली, तेव्हा ज्यू आणि रशियन आपल्याकडे येऊ नयेत म्हणून तिने खोल्या आधीच भरून टाकल्या. वर, ज्यू सगळ्यात वाईट, हेही. तिच्या मुलाच्या तोंडी एक वेगळीच गोष्ट होती, छावणीतून पळालेल्यांना लपवणाऱ्या एका शेतकरीणबाईची. आणि नातीच्या तोंडी? आजीनेच ज्यूंना लपवलं होतं! नात खोटारडी नव्हती. शाळेत तिला ज्यूंचं हत्याकांड नीट शिकवलेलं होतं, आणि आजीवर तिचा जीव होता. या दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र नांदायच्या तर आजीला नायिका व्हावंच लागतं. आजोबांनी फुशारकीने सांगितलेले प्रसंगही नातवंडांच्या तोंडी असेच धुऊन निघत. आपल्याकडे सावकारी केलेले पणजोबा तिसऱ्या पिढीत ‘अडल्यानडल्याला मदत करायचे’ होतात, तसंच.

‘आपलेच’ म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव. यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री, वय २२. १० जुलै १९४४ ला इटलीत जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले, ती बंद पाडली आणि जर्मन नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात आहे. मामा दर गणपतीला गाडी त्याच रस्त्याने कोकणात नेतात.