स्क्रू आवळण्याआधी प्ले कुठे आहे ते शोधा

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: "जुन्या गाडीचं स्टीअरिंग ढिलं असायचंच. स्टीअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा आवळा. गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून बघा, हललं नाही तर पुढचं सगळं ठीक. थरथरली तर बॅलन्सिंग, ओढली तर अलाइनमेंट." ऐकायला सोपा आहे, म्हणूनच पसरतो. पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही, आणि स्क्रूचा तर सरळ धोकादायक आहे.

"ढिलं असायचंच"

बॉक्स (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांकडे पोचवणारी गिअरची पेटी) असलेल्या स्टीअरिंगला थोडा प्ले, म्हणजे स्टीअरिंग फिरवूनही चाक वळत नाही अशी मोकळी हालचाल, असतो हे खरं. पण "थोडा" म्हणजे किती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. शिवाय जुनी म्हणजे ढिली हेही खरं नाही. १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनरला रॅक अँड पिनियन (बॉक्सऐवजी दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक) होतं आणि नीट राखलेली मायनर आजही हाताला नेमकी लागते.

एक हिशोब करून बघा. स्टीअरिंगचा व्यास ४०० मिमी, रेशो १६:१ (स्टीअरिंग १६ अंश फिरलं की चाक १ अंश वळतं) आणि चाकाजवळचा स्टीअरिंग आर्म (चाक वळवणारा दांडा) १३० मिमी धरा. टाय रॉडच्या (या आर्मला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दांड्याच्या) एका एंडमध्ये, म्हणजे टोकाच्या बॉल-सॉकेट सांध्यात, फक्त १ मिमी झीज असेल, तर चाक सुमारे ०.४४ अंश मोकळं होतं. स्टीअरिंगवर तेच ७ अंश होतात, म्हणजे रिंगच्या कडेला जवळजवळ २५ मिमी. दोन-तीन सांध्यांत अशी झीज असेल तर हातात केवढा प्ले येईल, याचा अंदाज करा. त्याला वयाचा दोष म्हणून सोडून देणं म्हणजे झिजलेला बॉल सॉकेटमधून निसटायची वाट बघणं.

"स्क्रू अर्धा फेरा आवळा"

इथे जरा थांबायला हवं. बॉक्सच्या आत वर्म (मळसूत्री आट्यांचा दांडा) आणि सेक्टर (त्यात बसणारा दातेरी तुकडा, किंवा रोलर) यांची पकड मुद्दाम मधोमध घट्ट ठेवलेली असते आणि दोन्ही बाजूंना वळताना ती सैल होत जाते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे झीजही मधोमधच होते. आता मधला प्ले संपेपर्यंत तुम्ही स्क्रू आवळलात, तर वळणात, जिथे दात झिजलेलेच नाहीत, तिथे बॉक्स आवळून धरतो. स्टीअरिंग वळल्यावर परत येत नाही. गर्दीच्या वळणावर हे पहिल्यांदा कळावं अशी वेळ कुणावर येऊ नये.

माझ्यावर ती आली आहे. मी घेतलेल्या गाडीचा स्क्रू आधीच कुणीतरी दोनदा आवळलेला होता. डावीकडे वळल्यावर स्टीअरिंग तिथेच राहायचं, दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागायचं. प्ले मात्र होताच, कारण तो बॉक्समध्ये नव्हताच. चासीला बॉक्स धरून ठेवणारे बोल्ट ढिले झाले होते आणि स्टीअरिंग फिरवलं की आधी अख्खा बॉक्स हलायचा.

हे शोधायला यंत्र लागत नाही, एक जोडीदार लागतो. गाडी चाकांवर उभी ठेवा, हँडब्रेक लावा. जोडीदाराला स्टीअरिंग प्लेच्या हद्दीतच डावी-उजवी हलवायला सांगा. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून. तुम्ही वरून खाली तपासत जा: कॉलमखालचं रबरी कपलिंग, बॉक्सचे बोल्ट आणि त्यांच्याभोवतीची चासी (तिथे तडाही असू शकतो), पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला दांडा), ड्रॅग लिंक (त्याला पुढे जोडलेला दांडा), आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूचा आधाराचा दांडा), टाय रॉडचे एंड. प्रत्येक सांध्यावर हात ठेवा. एक बाजू हलली आणि दुसरी क्षणभर मागे राहिली, की बोटांना ते डोळ्यांआधी कळतं.

हे सगळं घट्ट निघालं, तरच बॉक्सकडे वळा. तेही ड्रॅग लिंक सोडवून, बॉक्स बरोबर मध्यावर आणून. आधी वर्मच्या बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब), मग सेक्टरचा स्क्रू. शेवटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही अडकलं तर स्क्रू मागे घ्या. अडकल्याशिवाय प्ले जातच नसेल, तर बॉक्स उघडण्याला पर्याय नाही.

"जॅकवर चाक हललं नाही म्हणजे ठीक"

जॅक कुठे लावला, यावर सगळं अवलंबून आहे. स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाक चासीला जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर) बसलेली असेल तर भार खालच्या बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाक जोडणाऱ्या सांध्यावर) असतो. अशा गाडीला चासीखाली जॅक लावलात तर लोंबणाऱ्या सस्पेंशनला स्प्रिंग दाबून धरते, झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. जॅक खालच्या आर्मखालीच, जॉइंटच्या शक्य तितका जवळ हवा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर उलट: वरचा आर्म आणि चासी यांच्यात लाकडी ठोकळा अडकवून मग चासी उचलायची. दोन्ही वेळा गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंग पिन (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ) किंवा बॉल जॉइंट. किंग पिनला ग्रीस देतानाही चाक उचललेलं असावं, नाहीतर भाराखालच्या, म्हणजे नेमक्या झिजणाऱ्या बाजूला ते पोचत नाही. कोरडी किंग पिनही स्टीअरिंग जड करते आणि परत येऊ देत नाही. बॉक्सवर आळ घेण्याआधी हेही बघायला हवं.

"थरथरली तर बॅलन्सिंग"

ठरावीक वेगाला सुरू होऊन पुढे विरणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते. रिम वाकडा किंवा टायर अंडाकृती असेल तर वजनं लावून ती पूर्ण जात नाही. सलग ॲक्सल (पुढची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) असलेल्या गाडीत मात्र, खड्डा लागला की कमी वेगातही दोन्ही चाकं जोरजोरात डावी-उजवी झटके द्यायला लागतात आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. ते शिमी. त्याचं मूळ झिजलेल्या सांध्यांत किंवा चुकलेल्या कॅस्टरमध्ये (चाक ज्याभोवती वळतं त्या अक्षाच्या पुढे-मागे कलण्यात) शोधायचं.

"ओढली तर अलाइनमेंट"

अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे. सांधे ढिले असताना टो (पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) लावला, तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत रस्त्याचा रेटा पुढची चाकं बाहेर उघडतो आणि उभ्या गाडीवर लावलेलं माप तिथेच संपतं. टो बरोबर असूनही गाडी भरकटत असेल तर कॅस्टर मोजा. मागची बाजू उंच केलेली किंवा पुढच्या स्प्रिंग बसलेल्या असतील तर तो कमी होतो.

एकाच बाजूला ओढत असेल तर आधी हवा बघा, मग पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ बाजू बदलून गेली तर दोष टायरचा. नाही बदलली तर थोडं अंतर चालवून थांबा आणि दोन्ही ब्रेक ड्रमजवळ, न टेकवता, हात न्या. ज्या बाजूला ओढते तीच जास्त तापलेली असेल तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे, आणि टाय रॉडला पाना लावायचं कारणच नाही.