सव्वा एकर डोकं

फोटो अजून ग्रुपवर आहे. काढून टाका म्हटलं तर "राहू द्या, आठवण राहील" असं उत्तर आलं आणि पुढे दोन हसरे चेहरे.

फोटोत मी मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलोय, न्हाव्यापुढे बसतात तसा. माझे मामेसासरे, ज्यांना अख्खं गाव मामाच म्हणतं, माझ्या कपाळाच्या वर तर्जनी टेकवून उभे आहेत. मागे तिघं वाकलेले, त्यातल्या एकाने मोबाइलची बॅटरी लावलीय. वेळ दुपारी साडेबाराची, महिना मे, तालुका रावेर. उजेडाची अशी काय टंचाई पडली होती कोण जाणे. खाली मथळा: "जवाईबापूंच्या बागेचा पंचनामा". त्याला ४१ अंगठे आले. त्यातला एक माझ्या बायकोचा आहे.

मागची हकीकत थोडक्यात उरकतो. वय ३९, कपाळ सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलेलं. मार्चअखेर ऑफिसात "मूळव्याधीचं ऑपरेशन आहे" असं सांगून (हो, ते सांगायला कमी लाज वाटली) पुण्याला गेलो आणि केस लावून आलो. २४०० कलमं. मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक उपटायचे आणि पुढे बारीक छिद्रं पाडून रोवायचे. पैसे कलमावर मोजतात, केसावर नाही, कारण एका कलमात एक ते चार केस कितीही असू शकतात. पैसे भरेपर्यंत रोज फोन येत होता, "सर, कधी येताय?" प्रत्यक्ष कामाच्या दिवशी डॉक्टरसाहेब सुया टोचून, रेघा मारून गेले. रोवणी दोन मुलींनी केली, आठ तास, माझ्या डोक्यावरून एकमेकींना नणंदेच्या तक्रारी सांगत. आता व्हॉट्सअॅपवर काही विचारलं की "नॉर्मल आहे सर" आणि जोडलेले हात. डोळ्यांपर्यंत सूज आली, नॉर्मल. मागचं डोकं बधिर, नॉर्मल. एकदा मुद्दाम "गुडघा दुखतोय" असं लिहिलं. नॉर्मल आहे सर.

डॉक्टर म्हणाले होते, पहिले काही दिवस ४५ अंशांत झोपा. जळगावात एप्रिल लागला की सगळेच ४५ अंशांत झोपतात, त्यात माझी काय मोठी तपश्चर्या? पण त्यांना तक्क्यांची उतरण म्हणायची होती. मी कूलरसमोर तीन उशा रचून महंतासारखा बसून झोपायचो आणि दर अर्ध्या तासाने सलाइनचा फवारा मारायचो, इस्त्रीवाल्याच्या बाटलीने. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज खाली उतरली आणि चेहऱ्याचं बामणोदचं भरताचं वांगं झालं. शेजारची चिमुरडी दारात आली, मला बघितलं आणि "काकू, काका कुठे गेले?" असं मलाच विचारलं.

हे सगळं सोसलं. दहाव्या दिवशी खपल्या निघाल्या, आरशात बोटभर रुंदीची काळी कोवळी पेरणी दिसली. आठवडाभर मी कारण नसताना लिफ्टच्या आरशासाठी वरखाली केलं.

आणि मग ते गळायला लागले.

पहिला सापडला उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर. तांदळाच्या दाण्याएवढा आखूड केस, एका टोकाला टाचणीच्या टोकाइतका पांढरा ठिपका. मी तो चिमटीत धरून खिडकीशी नेला. मूळ आलं की काय? १६ हजाराला पडलेला मोबाइल कॅमेरा त्यावर रोखला, फोटो पुण्याला पाठवला. नॉर्मल आहे सर. मी तो चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सात. मग मोजणं सोडलं, पण डबी सोडवेना. पाचव्या आठवड्यात बायकोने डबी उघडली, आत काय आहे ते पाहिलं आणि काही न बोलता केराच्या टोपलीत उपडी केली. लग्नाला बारा वर्षं झाली, तिने इतक्या शांतपणे काहीही केलेलं नाही.

पुस्तकी ज्ञान मला आता भरपूर आहे. रात्री दोनला झोप येत नाही, माणूस करणार काय? लावलेले केस दोन ते सहा-आठ आठवड्यांत झडतात. मुळाला उपटल्याचा धक्का बसलेला असतो, ते वरचा केस सोडून देतं आणि आत पडून राहतं. रक्त न येता गळाला तर मूळ शाबूत. तीन-चार महिन्यांनी नवा केस, पूर्ण रूप यायला वर्ष. मागचेच केस का घेतात, तर १९५९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेनट्रिच यांनी मांडून ठेवलंय की केस कुठेही लावा, तो जिथून आला तिथलाच स्वभाव धरून राहतो. मागचे केस टक्कल जाणत नाहीत, म्हणून पुढे आले तरी टिकतात. हे मला लगेच पटलं. आमचा एक सावद्याचा मित्र वीस वर्षं कोथरूडला राहतोय, अजून खिचडीवर कच्चं तेल ओतून घेतो. जोडीला मिनॉक्सिडिल दिलंय. ते मुळात रक्तदाबाचं औषध, केस उगवणं हा त्याचा दुष्परिणाम निघाला. माझ्या बाबतीत ते परत मूळ धंद्याकडे वळलंय की काय, अशी शंका येते, कारण ते लावायला घेतलं की सुरुवातीला आणखी केस गळतात. म्हणजे गळणं हे लक्षण चांगलं, आणि न गळणंही चांगलंच. असा रोग आणि असं औषध, दोन्हींत माणूस कधी चुकतच नाही. पैसे तेवढे एकदाच जातात.

तर या अवस्थेत, सहाव्या आठवड्यात, मामांच्या पुतणीचं लग्न. मी अंपायर घालतात तसली गोल टोपी घालून गेलो. मांडवाच्या तोंडाशीच फेटेवाला बसलेला. जावई म्हटल्यावर त्याने आठ हात कापड झटकलं आणि माझ्या टोपीला हात घातला. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडलो, "नको!"

खानदेशात मांडवात फेटा नाकारणं म्हणजे मुलीच्या बापाला काय म्हणणं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. टॉवेल-टोपीवरून तुटलेली घरं मला माहीत आहेत. बँडवाला थांबला. कुणीतरी विचारलं, "पंगत वाढायची का थांबू?" आणि तेवढ्यात मामा आले.

मामा केळीवाले. धोतर, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे जन्मभर त्यांनी केळी लावली तरी केळी म्हणाले नाहीत.

"काहून नको भो फेट्याले?"

मी त्यांच्या कानात सांगितलं. म्हटलं, घरातलाच माणूस आहे, समजून घेईल.

"केस लावले?" मामा म्हणाले. त्यांचा कानातला आवाज विहिरीवरून मोटेवरच्या माणसाला दिलेल्या हाकेएवढा असतो. "बसा. पाहू द्या."

टोपी काढली. मामांनी चष्मा पुसला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट टेकवून कातडी जराशी सरकवली, ओल बघतात तशी.

"जमीन त चांगली दिसते. कंद लावले का टिश्यू?"

"मामा, माझेच केस आहेत. मागचे काढून पुढे."

"म्हंजे कंद. किती लावले?"

"२४००."

मामांनी डोळे मिटले. "पाच बाय पाचनं एकरी सतराशे धरा. सव्वा एकराच्या वर गेलं." मग मागे वळून, "अरे, जवाईबापूंच्या डोक्यावर सव्वा एकर आहे रे!"

तिथे पुढचे तीन गोळा झाले, फोटोतले. एकाने विचारलं, अंतर किती? मी खरं उत्तर दिलं, ही माझी चूक. म्हटलं, चौरस सेंटिमीटरला ३५-४०. त्याने मान हलवली, "दाट झालं. हवा खेयत नाही." दुसऱ्याने विचारलं, ठिबक आहे का मोकळं पाणी? मी फवाऱ्याबद्दल सांगितलं. "म्हंजे तुषार. उन्हायात तुषारनं काय व्हतं? बुरशी." तिसऱ्याने नुसती बॅटरी लावली आणि म्हणाला, "मर लागेल दिसते."

मर! सहा आठवडे जो शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नव्हता, तो त्या माणसाने अक्षता हातात घेऊन उच्चारला.

मग मी चिडून समजावलं. वरचा केस पडतो, मूळ आत जिवंत असतं, तिथूनच दुसरा येतो. आजूबाजूला लोक थांबून ऐकत होते, त्यात नवरदेवाचा मामाही होता. आमच्या मामांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, मंग पील बाग म्हना ना! वरचं झाड कापलं, खालून पील आलं. एवढं सोपं, अन् तुमी इंग्रजीत सांगून राह्यले."

खरं सांगतो, दीड महिन्यात कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात बॅटरीवाला म्हणाला, "पण मामा, पिलाचा कोंब त दिसाले पायजे." सगळे पुन्हा वाकले. कोंब दिसेना. मामांनी निर्णय दिला: श्रावणात नांग्या भरून घ्या, म्हणजे मेलेल्या जागी नवं लावा, विमा काढला नसेल तर पुढच्या खेपेला काढा, फळपिकाला उष्णतेचा विमा मिळतो, डोक्याला का नाही? आणि एका कलमाला किती पडले ते विचारलं. मी सांगितलं.

"याच्या निम्म्यात आमचं टिश्यूचं रोप येतं. अन् त्याले घड लागतो."

एवढा हशा झाला की मुहूर्त चार मिनिटं पुढे गेला. फेटा शेवटी माझ्या गुडघ्यावर ठेवला. फोटोत दिसतो, निळ्या काठाचा.

मला हसता आलं असतं. घरी येईपर्यंत मी हसतही होतो. पण सुटलेल्या पोटाला कुणी मांडवात उघडं करून बघत नाही, कुणाच्या कवळीवर बॅटरी मारत नाही. टकल्या माणसाचं डोकं तेवढं सार्वजनिक मालमत्ता. टक्कल होतं तेव्हा "लाव काहीतरी" म्हणणारे हेच, आणि लावल्यावर "काय गरज होती?" म्हणणारेही हेच. बायकोला म्हटलं, तू अंगठा का दिलास? ती म्हणाली, "सगळ्यांनी दिला, मी नसता दिला तर वाईट दिसलं असतं." कुणाला वाईट दिसलं असतं, ते मी विचारलं नाही. आणि मामा, त्यांचा दर रविवारी सकाळी सातला फोन येतो. रामराम नाही, काही नाही. "निघाला का कोंब?"

या रविवारी आला नाही. सोमवारी कळलं, शनिवारी संध्याकाळी रावेरकडे वादळ झालं. मंगळवारी मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून आलं, "मामा, पंचनामा झाला का?" बोलल्यावर जीभ चावली. पण त्याला दुसरा शब्द तरी कुठे आहे?

"तलाठी येऊन गेला," मामा म्हणाले. "फोटो काढून गेला. निसवेल केयी व्हती सगई. घड कापाले महिना व्हता." पलीकडे कुणीतरी झाडं ओढत होतं, पानं घासल्याचा आवाज येत होता. "तुमचं सांगा. निघाला का कोंब?"

"नाही मामा."

"बरं. पाणी तोडू नका."