एक बाटली म्हणजे एक गोणी नव्हे

पऱ्हाटीला (कपाशीला) खताचा दुसरा हप्ता देण्याच्या सुमारास आमच्या भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो: नॅनो युरिया या फवारायच्या द्रव खताची 500 मिलीची बाटली साध्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीची बरोबरी करते, ती स्वस्त आहे, तिच्यात कसलाही धोका नाही आणि कृषी केंद्रवाल्याने गोणीसोबत दिली तर मुकाट्याने घ्यावी, कारण ती शासनाचीच योजना आहे.

पहिला दावा बाटलीवरचे लेबल वाचले तरी कोसळतो. 2021 मध्ये बाजारात आलेल्या या द्रवात 4 टक्के, म्हणजे अख्ख्या बाटलीत 20 ग्रॅम नत्र (नायट्रोजन) होते. गोणीत 46 टक्क्यांप्रमाणे 20.7 किलो असते. जमिनीत टाकलेल्या युरियाचा बराच भाग वाया जातो, हा समर्थकांचा मुद्दा खराच आहे. पण पिकाला गोणीतले तिसरा हिस्साच नत्र लागले असे धरले, तरी ते बाटलीच्या सुमारे 350 पट भरते. बाटलीतले नत्राचे प्रमाण 20 टक्क्यांवर नेले, तरी बाटलीत 100 ग्रॅमच होतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील दोन वर्षांच्या प्रयोगात साधा युरिया तोडून नॅनो युरिया फवारल्यावर भाताचे उत्पादन सुमारे 13 टक्के आणि गव्हाचे 21.6 टक्के घटल्याचे आढळले. सोयाबीन तर मुळांवरच्या गाठींतून आपले बरेचसे नत्र स्वतःच मिळवते. त्यावरही बाटली मारायला सांगणाऱ्याला काय म्हणावे!

स्वस्ताईचे गणित बाटली 225 रुपये आणि गोणी 266.50 रुपये एवढ्यावर थांबवले जाते. लिटरभर पाण्याला 4 मिली धरले, तर बाटली 15 लिटरच्या सुमारे आठ पंपांत संपते. ते आठ पंप पाठीवर वाहणाऱ्याची मजुरी संदेशात कुठेच नाही. गोणीवरचे अनुदान आणि वाहतूक वाचते हे मान्य. पण ती बचत शासनाची आणि कंपनीची आहे, उत्पादन घटले तर तूट मात्र शेतकऱ्याची.

धोक्याबाबत जपून बोलले पाहिजे. नॅनो युरिया विषारी आहे असे मी म्हणत नाही. मात्र नॅनो कृषी उत्पादनांच्या तपासणीसाठी केंद्र सरकारनेच 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती धोका शून्य असता तर कशाला काढावी लागली असती? इकडे तर हा द्रव सर्रास कीटकनाशकासोबत एकाच पंपात कालवला जातो आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला फार तर दुपट्टा असतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, ती तोंड नीट न झाकता फवारण्याच्या याच सवयीत.

राहिली सक्ती. गेल्या हंगामात एका केंद्रावर तीन गोण्यांसाठी मला तीन बाटल्या घ्याव्या लागल्या. या लिंकिंगला शासनाची मुभा नाही, आणि ज्या मालाची स्वतःहून मागणी आहे तो असा गळ्यात बांधावा लागत नाही. त्या बाटल्यांपैकी एक मी धुऱ्याकडच्या चार ओळींवर, नेहमीचा युरिया कमी न करता, फवारली. उरलेल्या पऱ्हाटीत आणि त्या ओळींत वेचणीपर्यंत मला फरक दिसला नाही. बाकी दोन बाटल्या कोठ्यात तशाच आहेत.