‘जुना श्रोता, म्हापसा’ यांना उत्तर : गल्ला, गाणं आणि दोन मात्रांची चूक

नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले. पहिले चार दिवस राग आला होता, पुढचे चार चतुर्थीच्या रंगाच्या गिऱ्हाइकांनी खाल्ले.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हार्डवेअरचं दुकान चालवता चालवता गाणं करण्यावरच्या ‘दुकान आणि तानपुरा : ३० वर्षांचा तोल’ या माझ्या लेखावर या गृहस्थांचे तीन आक्षेप आहेत. संगीत ही साधना आहे, फावल्या वेळाचा उद्योग नव्हे. मोठ्या कलावंतांची नावं घेऊन मी स्वतःच्या भित्रेपणावर पांघरूण घालतो. आणि माझ्यासारखे ‘गल्ल्यावरचे गवई’ पैशाच्या जोरावर बैठकीत शिरतात, त्यामुळे खऱ्या कलाकाराची किंमत उतरते. शिवाय तालाची एक चूक दाखवली आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी नावांचं. वसंतराव देशपांडे वीसहून जास्त वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून गायले, साखळीचे नाट्यगायक रामदास कामत एअर इंडियात होते, असं मी लिहिलं होतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझ्या कामाचं नाही. वसंतरावांनी नोकरी केली म्हणून नोकरी करणारा प्रत्येक जण वसंतराव होत नाही. दुसऱ्याच्या वरातीत नाचायला गेलो आणि जाऊन घोड्यावरच बसलो, असं माझं झालं. हे तुम्ही बरोबर पकडलंत.

पण मग तुम्ही दिलेली नावंही बघू या. ‘मंगेशीचे दीनानाथ आणि केरीच्या केसरबाई दुकान सांभाळत बसले असते तर?’ असं तुम्ही विचारता. अहो बाब (गोव्यात आदराने अशी हाक मारतात), मास्टर दीनानाथांनी १९१८ साली बलवंत संगीत मंडळी काढली. नाटक कंपनी म्हणजे पगार, पडदे, बिऱ्हाडं, प्रवास, तिकीटविक्री आणि रोजची पंगत. धंदाच होता तो, माझ्या धंद्याहून कितीतरी अवघड. पुढे बोलपट आले, कंपनी चित्रपटात उतरली आणि पैसा बुडाला. १९४२ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी ते गेले, आणि १२ वर्षांच्या मुलीला घरासाठी कामाला लागावं लागलं. त्या मुलीचं पुढे काय झालं हे जगाला ठाऊक आहे, म्हणून आपण ती गोष्ट कौतुकाने सांगतो. शेवट गोड न झालेल्या अशाच गोष्टी आमच्या फोंडा तालुक्यात वाड्यावाड्यावर आहेत, त्या कुणी सांगत नाही.

गायिका केसरबाई केरकरांच्या बाबतीत तुमचा मुद्दा पक्का आहे. १९२१ पासून त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतली, पुढची दहा वर्षं त्याशिवाय दुसरं काही नाही. मी असे दहा दिवससुद्धा सलग काढलेले नाहीत. फक्त एक सांगावंसं वाटतं. त्या पिढीतल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींना ‘गाणं हवं की दुकान’ असं कुणी विचारलं नव्हतं. देवळाच्या सेवेतल्या घरात गाणं हाच प्रपंच, आणि समाजाने त्याची वसुली त्यांच्याकडूनच केली, वर नावंही ठेवली. तेव्हा केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिकांचा त्याग दाखल्याला घेताना आपण, म्हणजे निवड करायची सोय असलेली माणसं, जरा जपून बोललेलं बरं. हे मी मलाही सांगतोय.

आता ‘फावला वेळ’. पहाटे पाच ते सव्वासहा माझा रियाज असतो. पेटीच्या काळी एकचा षड्ज, आधी खर्ज म्हणजे खालचे सूर, मग पलटे म्हणजे स्वरांचा सराव, वेळ उरला तर चालू असलेल्या रागाची आलापी. पावणेनऊला वरच्या बाजारात शटर वर. दुपारी गल्ल्यावर बसून गुणगुणायला लागलो की समोरचा प्लंबर म्हणतो, ‘बाब, तुजो सा लागलो जाल्यार म्हजो एल्बो दी.’ (तुझा सा लागला असेल तर माझा पाइपचा एल्बो दे.) हार्डवेअरच्या धंद्याला स्वतःचे ऋतू असतात. मे महिन्यात ताडपत्री आणि गळती बुजवायचं सामान. जून-जुलैत बांधकामं थंडावतात तेव्हा रियाज वाढतो, पण हवा अशी ओली की तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल आणि तबलजी त्याहून वैतागलेला. मग श्रावण. घरोघर चतुर्थीआधी रंग काढायचा असतो, दुकानात डब्यांवर डबे, कुणाला नेमकी मागच्या वर्षीचीच छटा हवी आणि तिचा नंबर कुणालाच आठवत नाही. त्याच दिवसांत सप्ताह, भजनं आणि आरत्यांच्या तालमी! वर्षातला सर्वांत मोठा धंदा आणि वर्षातलं सर्वांत जास्त गाणं एकमेकांच्या अंगावर येऊन आदळतं.

म्हणून मथळ्यातला ‘तोल’ हा शब्द मी मागे घेतो. तोल कधीच नव्हता. भावाने दुकान सांभाळलं म्हणून मी वास्कोला सप्ताहात जाऊन बसलो, आणि भाऊ तापाने पडला त्या वर्षी माझी गाण्यातली विशारदची परीक्षा बुडाली. ती पुढच्या वर्षी दिली. घरी लग्नाचा वाढदिवस कधी होता याची मला एकदा गुरुजींनी आठवण करून दिली, एवढ्यावरून काय ते समजा. आणि तुम्ही म्हणता तसं गाण्याचंही नुकसान झालंच. द्रुत, म्हणजे जलद, तान माझ्या गळ्यावर चढली नाही. गुरुजी एकदाच म्हणाले होते, ‘तुझी आलापी तुझी वाटते. तान विकत आणल्यासारखी वाटते.’ सव्वा तासात इतकंच जमतं. भित्रेपणा म्हणाल तर तोही थोडा असेल. वडील गेले तेव्हा मी २३ वर्षांचा होतो आणि दुकानावर कर्ज होतं. त्या वेळी मी शूर नव्हतो एवढंच खात्रीने सांगतो.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र मी चार दिवस रागावलो, कारण तो खरा आहे. अगदी तुम्ही लिहिलंय तसाच.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका देवळाच्या जत्रेला मैफल होती. देवळाचं आणि मंडळाचं नाव घेत नाही, दोष माझा आहे. स्मरणिकेत मी पूर्ण पानाची जाहिरात दिली होती, ध्वनिव्यवस्थेचा खर्चही उचलला होता. आयोजक म्हणाले, ‘सुरुवातीला तुम्ही वीस मिनिटं गा.’ मला समजत नव्हतं असं नाही. पण मान हलवली. माझ्यानंतर एक तरुण गायिका होती, लांबून आलेली, पूर्ण वेळ गाणारी, शिकवण्या करून भाडं भरणारी. मी बसलो, आवाज लागला, समोर माझीच गिऱ्हाईकं दाद देत होती, आणि वीसची चाळीस मिनिटं झाली. वर ‘एक अभंग घ्या’ असा आग्रह झाला, तोही घेतला. पालखीची वेळ ठरलेली असते, ती कुणासाठी थांबत नाही. त्या मुलीला विलंबित, म्हणजे संथ लयीचा ख्याल, आवरावा लागला. अंतरा जेमतेम झाला आणि ती द्रुतवर आली. तंबोरे गवसणीत घालताना ती मला म्हणाली, ‘काका, तुमचा आवाज छान आहे.’ तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून जिथे मी पैसे देतो तिथे गात नाही, आणि जिथे गातो तिथे जाहिरात देत नाही. हा नियम केल्यावर गाण्याची आमंत्रणं निम्म्याहून कमी झाली. यावरून आधी मला कशासाठी बोलावत होते तेही कळलं. मूळ लेखात हा प्रसंग मी लिहिला नव्हता. लिहायला हवा होता.

पण त्याच परिच्छेदातलं तुमचं शेवटचं वाक्य, ‘अशा हौशी लोकांनी श्रोता म्हणूनच राहावं’, ते मला साफ अमान्य आहे. गोव्यात राहून हे कसं लिहवलं तुम्हाला? आपल्याकडचं भजन कोण गातं? बसचा चालक, पंचायतीतला शिपाई, सुतार, भाजीवाला. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं आणि वेगवेगळ्या व्यवसायांचे, समाजांचे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, निघतात. तिथे पखवाजावर बसलेल्या माणसाला ‘तू पूर्ण वेळ आहेस का’ असं विचारून बघा. जत्रेच्या संगीत नाटकात रात्री दोन वाजता पद म्हणणारा नायक सकाळी बँकेत पासबुकं भरत असतो. कधी बेसूर होतो, होऊ दे. त्याच अंगणात मांडीवर बसून ऐकणाऱ्या पोरांतून पुढे एखादा जितेंद्र अभिषेकींसारखा गवई निघतो. त्या अंगणाला गप्प बसवून पूर्ण वेळ गाणारी माणसं कुठून आणणार? हौशी माणसाने दुसऱ्याची वेळ खाऊ नये, हे शंभर टक्के मान्य. गाऊच नये, हे नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत ‘मुलीने उद्या सगळं सोडून गायचं ठरवलं तर काय कराल?’ असाही प्रश्न आहे. मुलगी तबला शिकते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा प्रश्न तिलाच वाचून दाखवला. तिने मला विचारलं, ‘बाबा, शिकवणीची फी महिन्याला किती घेतात?’ आम्ही कागद घेऊन बसलो. हिशेब अजून लागलेला नाही, लागला की कळवीन.

आणि ती चूक. झपतालाच्या १२ मात्रा असं माझ्याकडून लिहिलं गेलं होतं. झपताल १० मात्रांचा, १२ चा एकताल. लेखात दुरुस्ती केली आहे. लय-तालावरच्या हुकमतीसाठी नावाजलेल्या खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात बसून, रोज रात्री पैशा-पैशाचा ताळा जुळवणाऱ्या माणसाने दोन मात्रा जास्त लावाव्यात, याला माझ्याकडे काही सबब नाही. भाऊ म्हणाला, ‘गिऱ्हाइकाच्या बिलात असं करू नकोस म्हणजे झालं.’